भाजलेल्या माणसाची शुश्रूषा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाई मजकडे आल्या तेव्हा त्यांनी भाषणाला 'घरगुती औषधोपचार' असा विषय सुचवला होता. मी म्हटले, ओवा, सुंठ आणि तुळशीचा काढा यांविषयी आपणां सर्वजणींना माझ्याहून अधिक ठाऊक आहे. मी चौतीस वर्षे परिचारिकेचे काम केले आणि त्यांतली निम्म्याहून अधिक वर्षे भाजलेल्या रोग्यांच्या वॉर्डात काढली. तेव्हा बोलायचेच तर त्याविषयी बोलेन. वाढदिवसाला शोभेल असा हा विषय नाही हे मी जाणते. चिटणीसबाई क्षणभर थांबल्या आणि 'बोला' म्हणाल्या, याबद्दल त्यांची मी आभारी आहे.

आपल्या जिल्ह्याला हा विषय परका राहिलेला नाही. ३ फेब्रुवारी २०२० च्या सकाळी हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला एका माणसाने भर रस्त्यात अंगावर पेट्रोल टाकून पेटवून दिले. नागपूरच्या रुग्णालयात सात दिवस काढून १० फेब्रुवारीला ती गेली. गुन्हेगाराला दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ रोजी जन्मठेप झाली. तिचे नाव मी येथे घेत नाही. त्याच ३ फेब्रुवारीला, पण २०२१ साली, भूगावच्या पोलाद कारखान्यात तीसहून अधिक कामगार भाजले. त्याआधी मे २०१६ च्या अखेरीस पुलगावच्या दारूगोळा भांडारातली आग आपण सर्वांनी ऐकली, कित्येकींनी पाहिलीही. स्वयंपाकघरात भाजणाऱ्यांची मात्र वर्तमानपत्रांत बातमी येत नाही आणि वॉर्ड भरतो तो त्यांनीच.

हिंगणघाटच्या त्या सात दिवसांत मला जी भेटे ती एकच विचारी : "सिस्टर, चाळीस टक्केच तर भाजली म्हणतात, मग वाचन ना ती?" चाळीस म्हणजे शंभराच्या निम्म्याहून कमी, असा आपला साधा हिशेब. परीक्षेच्या गुणांसारखा हा आकडा वाचता येत नाही. तिचा चेहरा आणि श्वासाचा मार्ग भाजला होता आणि जखमा खोल होत्या, असे छापून आले होते. माझ्यासारखीने ते वाचले की आकडा बाजूलाच राहतो. मग आकड्याखेरीज आम्ही काय पाहतो, आणि त्यात तुमच्या हाती काय असते, एवढेच आज सांगावयाचे आहे.

भाजलेला रोगी दारातून आत आला की आम्ही प्रथम त्याच्या कातडीकडे पाहत नाही, हे ऐकून नवल वाटेल. प्रथम त्याचा आवाज ऐकतो. "बाई, नाव काय तुमचं? कुठून आणलं?" असे विचारायचे आणि उत्तरापेक्षा आवाजाकडे लक्ष द्यायचे. आवाज घोगरा आहे का, नाकातले केस होरपळले आहेत का, थुंकीत काजळी येते का, ओठ आणि जीभ सुजू लागली आहे का. दार लावलेल्या खोलीत आग लागली होती का, हे बरोबरच्या माणसांना विचारायचे. गरम धूर आत गेला की घशाची आतली बाजू सुजते. ती सूज पहिल्या तासात बहुधा दिसत नाही; पुढच्या काही तासांत चढत जाते आणि मार्ग बंद करते. म्हणून बोलत्याचालत्या, शुद्धीवर असलेल्या बाईच्या घशात डॉक्टर नळी घालतात, आणि बाहेर नातेवाईक भांडायला उठतात की चांगली बोलून राहिली होती, तुम्हीच तिचे तोंड बंद केले. मी त्यांना दोष देत नाही. सूज पुरी आल्यावर ती नळी घालायला वाटच उरत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

आवाजानंतर वेदना. येथेही आपली समजूत उलटी असते. वरवर भाजले, कातडी लाल झाली, ओले फोड आले की रोगी ओरडतो, तळमळतो. खोल भाजले की ज्या नसांनी दुखणे कळायचे त्याच जळून जातात. जागा पांढरी किंवा चामड्यासारखी करडी दिसते, बोटाने दाबले तर लाली परत भरत नाही, आणि बाई म्हणते, "इथं काहीच दुखून नाही राहिलं जी." घरच्यांना हायसे वाटते. आम्हांला वाटत नाही. एकाच अंगावर दोन्ही प्रकार असतात, म्हणून ओरडणारी माणसे आणि गप्प माणसे असा सरळ भेद करता येत नाही; परंतु भाजलेला रोगी शांत पडला असेल तर नर्सने त्याच्याकडे दोनदा गेले पाहिजे, असे मी नव्या मुलींना नेहमी सांगत आले.

मग खोल भाजलेला पट्टा हाताला किंवा पायाला सर्व बाजूंनी वेढून आहे का ते पाहायचे. जळलेली कातडी ताणत नाही आणि आतून तर सूज येते, तेव्हा ती करकचून बांधलेल्या दोरीसारखी होते. बोटांची टोके थंड, निळसर पडली, मुंग्या आल्या की डॉक्टरांना ताबडतोब हाक मारायची. ते त्या जळक्या कातडीला चीर देऊन रक्ताची वाट मोकळी करतात. अंगठ्या, बांगड्या, पाटल्या, जोडवी, पैंजण पहिल्या काही मिनिटांतच काढा असे आम्ही सांगतो ते यासाठी. सौभाग्याचे लेणे काढू नये म्हणून हिरवा चुडा तसाच ठेवून आणलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. सुजलेल्या मनगटावरचा तो चुडा नंतर कापून काढावा लागतो, आणि तोवर बोटांचे काय व्हायचे ते होऊन गेलेले असते.

आता तो आकडा. मोठ्या माणसाच्या अंगाचे आम्ही नऊ-नऊचे हिस्से धरतो. डोके आणि मान मिळून नऊ, एकेक हात नऊ, एकेक पाय अठरा, छाती-पोट अठरा, पाठ-कंबर अठरा, उरलेला एक गुह्यांगाचा. लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने मोठे. वर्षाच्या आतल्या बाळाचे डोके एकटेच अठरा भरते. तेव्हा मुलाच्या डोक्यावर आंधण सांडले तर 'थोडेच भाजले' असे म्हणू नका. इतस्ततः शिंतोडे उडाले असतील तर रोग्याचाच तळहात, बोटे जुळवून, एक टक्का धरायचा. तुमचा हात नाही, रोग्याचा. तीन वर्षांच्या पोराला आईच्या हाताने मोजले तर उत्तर फार कमी येईल. नुसती लाल झालेली, फोड नसलेली कातडी यात धरीत नाहीत.

हा आकडा मरणजगण्याचे भाकीत करण्यासाठी नसून मुख्यतः पाण्याच्या हिशेबासाठी असतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. मोठे भाजले की साऱ्या शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या उन्हाळ्यातल्या नव्या माठासारख्या पाझरू लागतात. रक्तातले पाणी मांसात उतरते, रोगी फुगतो, आणि फुगलेला असूनही आतून कोरडा पडतो. ते पाणी शिरेतून परत भरावे लागते. अमेरिकेत डॅलस शहरातल्या पार्कलँड रुग्णालयातील डॉ. चार्ल्स बॅक्स्टर यांनी १९६८ साली मांडलेला हिशेब असा की वजनाचे किलो गुणिले भाजलेले टक्के गुणिले चार, इतके मिलिलिटर सलाईन पहिल्या चोवीस तासांत, आणि त्यातले निम्मे पहिल्या आठ तासांत. सलाईन म्हणजे येथे रिंगर लॅक्टेट नावाचे. आता पुष्कळ ठिकाणी मोठ्या माणसाला चारांऐवजी दोनांनी सुरुवात करून लघवी पाहत पाहत वाढवतात. पण हिशेबाची रीत तीच.

पन्नास किलोची बाई चाळीस टक्के भाजली, तर चाराच्या हिशेबाने आठ लिटर. पैकी चार लिटर पहिल्या आठ तासांत. आणि हे आठ तास मोजायचे ते रुग्णालयात आल्यापासून नव्हे, भाजल्या क्षणापासून. समजा आर्वीकडच्या एखाद्या गावात सकाळी सहाला भाजली. आधी तूप लावले, मग कोणी झाडपाल्याचा जाणकार बोलावला, मग गाडी शोधली, आणि दहाला ती आमच्या दाराशी आली. तर ते चार लिटर दुपारी दोनपर्यंतच्या चारच तासांत द्यायचे उरतात. म्हणून आम्ही पहिल्या पाच प्रश्नांत "किती वाजता भाजली?" हे विचारतो, आणि उत्तर मिळते, "सकाळी." भगिनींनो, शेजारी असे काही घडले तर घड्याळ पाहा. कागद नसेल तर हातावर लिहा. १०८ क्रमांकाची गाडी बोलवा, आणि ती वेळ गाडीतल्या डॉक्टरांना सांगा.

पाणी पुरेसे जाते की नाही हे लघवी सांगते. नळी घालून दर तासाला मोजायची. मोठ्या माणसाची तासाला तीस ते पन्नास मिलिलिटर यावी, म्हणजे चहाचा अर्धा कपही नाही. कमी आली तर पाणी वाढवायचे, फार आली तर कमी करायचे, कारण जादा पाणीही छातीत आणि जखमेत सूज वाढवते. रात्रभर बॅटरीच्या उजेडात ते मोजमाप वाचीत बसणे हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्यांचे फोटो येतात. पण पहिल्या दोन दिवसांत रोगी तरतो तो पुष्कळसा त्या तासातासाच्या आकड्यांवर.

आता मागे घरात येऊ. रुग्णालयाआधी तुम्ही काय करता याचे महत्त्व इतके आहे की आम्ही कितीही धडपडलो तरी ते वीस मिनिटांचे काम आम्हांला तितके साधत नाही. ते काम म्हणजे पाणी. पेटलेल्याला धावू देऊ नका. जमिनीवर आडवे करून जाड सुती चादर किंवा घोंगडी टाकून वा पाण्याने विझवा. आग विझली तरी कातडीच्या आत उष्णता मुरत राहते. ताकाच्या कढीचा गंज शेगडीवरून उतरवला तरी कढी काही वेळ रटरटते ना, तसे. ती उष्णता काढायला नळाचे वाहते गार पाणी वीस मिनिटे. तीन तासांच्या आत केव्हाही केले तरी उपयोग होतो, पण लगेच केल्याने सर्वांत अधिक. 'पाणी घातले की फोड येतात' ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. फोड येतात ते भाजल्यामुळे. पाण्याने उलट जखम खोल जाण्याची थांबते. बर्फ मात्र लावू नका. त्याने रक्त आटते आणि जखम वाढते. मोठे भाजले असेल, विशेषतः लहान मूल असेल, तर वीस मिनिटांनी स्वच्छ कोरड्या चादरीत गुंडाळून वरून ऊब द्या. कातडी गेलेले अंग फार लवकर गारठते.

हळद, तूप, मध, बटाट्याचा कीस, दंतमंजन, शाई, चुना, शेण, कोंबडीच्या अंड्याचा बलक, गाडीचे ऑइल. ही यादी मी पुस्तकातून काढलेली नाही, रोग्यांच्या अंगावरून धुऊन काढली आहे. हे सारे काढल्याखेरीज जखम किती खोल आहे ते दिसत नाही, आणि काढताना रोग्याला काय सोसावे लागते ते मी येथे वर्णन करीत नाही. अंगाला चिकटलेले कापडही ओढू नका. सुटे असेल तेवढे काढा, बाकीचे कापून भोवतीचे सोडा. नायलॉनची साडी वितळून कातडीत शिरते. आपला वर्धेचा खादीचा धागा निदान वितळत नाही, पण म्हणून सुती पदर चुलीपाशी मोकळा सोडावा असे नव्हे. आणि तेलाची कढई पेटली तर तिच्यावर पाणी कदापि ओतू नये. झाकण ठेवून गॅस बंद करावा.

पाण्याविषयी आणखी एक. भाजलेला रोगी तहानेने कासावीस होतो. शुद्धीवर असेल आणि उलटी होत नसेल तर वाटेत मीठ-साखरेचे पाणी घोट घोट द्यावे. तांब्या तोंडाला लावू नये. पोट अशा वेळी चालत नाही आणि उलटी छातीत उतरते.

कोणाला घरी ठेवावे आणि कोणाला नाही, हे कित्येकजणी विचारतात. रोग्याच्या दहा तळहातांहून अधिक भाजले असेल, किंवा थोडे भाजले असूनही चेहरा, हात, पाऊल, सांधा वा गुह्यांग असेल, विजेने किंवा ॲसिडने भाजले असेल, लहान मूल वा म्हातारे माणूस असेल, तर घरी ठेवू नये. विजेचे वरून बोटभर दिसते आणि आतून हातभर जळलेले असते. आणि धनुर्वाताचे इंजेक्शन बारीकसारीक भाजण्यालाही विचारून घ्यावे.

येथवर सांगितलेले कठीण असले तरी सरळ आहे. आता जे सांगायचे ते सरळ नाही.

नर्सच्या नोंदीत 'कसे भाजले' असा एक रकाना असतो. माझ्या काळी त्या रकान्यात सर्वांत अधिक वेळा लिहिलेले शब्द होते 'स्टोव्हचा भडका'. पुष्कळदा ते खरेही असे. रॉकेलचे स्टोव्ह वाईटच होते. आता घरोघर गॅस आल्याने ते मागे पडले. पण स्टोव्हचा भडका समोरून येतो. पदर पेटला तर खालून वर जळते. डोक्यावरून केस, खांदे, पाठ जळली असेल आणि अंगाला रॉकेलचा वास येत असेल, तर नर्सला प्रश्न पडतो. तो प्रश्न सासू, नवरा, दीर उशाशी उभे असताना विचारला तर उत्तर ठरलेले असते. म्हणून ड्रेसिंगच्या नावाने सर्वांना बाहेर काढायचे, पडदा ओढायचा आणि मग विचारायचे. विचारताना तुझ्यावर कोणी रॉकेल टाकले का, असे सुचवायचे नाही. "काय झालं ते सांग" एवढेच. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत, वेळेसकट लिहायचे आणि डॉक्टरांना कळवायचे. मग पोलीस येतात, नायब तहसीलदार जबाब घेतात, त्याआधी ती शुद्धीवर आणि बोलण्याच्या स्थितीत आहे असे डॉक्टर लिहून देतात. मरणाऱ्याच्या अशा जबाबाला १८७२ च्या पुरावा कायद्यापासून जागा आहे, आणि १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम आला तरी ती तरतूद राहिली आहे. लग्नानंतर सात वर्षांच्या आत हुंड्याच्या छळातून झालेल्या मृत्यूसाठी १९८६ साली जे कलम केले, त्यात मृत्यूच्या कारणांत 'भाजणे' हा शब्द नाव घेऊन घातलेला आहे. कायदा करणाऱ्यांना तो घालावा लागला, यातच सारे आले.

एक मुलगी मला आठवते. बावीस वर्षांची असेल, गावाचे नाव सांगत नाही. पहिल्या दिवशी 'चहा करताना' म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिचे दीड वर्षाचे लेकरू सासरी होते. तिसऱ्या दिवशी तिच्या आईने ते लेकरू माहेरी आणल्याचा निरोप आला, आणि त्या दुपारी माझ्या हाताला तिने बोटे लावली, धरता येत नव्हती, आणि म्हणाली, "बाई, आता लिवा." ती खोटे का बोलत होती हे त्या दिवशी मला कळले, आणि पुढे कुठल्याही बाईच्या पहिल्या उत्तरावर मी रकाना मिटला नाही. शेजारणींना ठाऊक असते. रात्रीचे आवाज भिंतीपलीकडे जातात. रुग्णालयात आमच्या कानी जे येते त्याच्या कितीतरी आधी ते तुमच्या कानी आलेले असते. भाजण्याच्या आधी गेलेल्या शेजारणीला जे साधते ते नंतर कोणत्याही नर्सला साधत नाही, यापुढे मी अधिक काय बोलू?

पहिले दोन-तीन दिवस पार पडले की घरच्यांना वाटते संकट टळले. नंतरचा शत्रू दिसत नाही. कातडी हा शरीराचा कोट; तो पडला की जंतूंना वाट मोकळी. हिंगणघाटच्या मुलीचे रक्त दूषित होऊन तिला सातव्या दिवशी मृत्यू आला, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आम्ही रोज पट्टी सोडताना हेच पाहतो : वास बदलला का, पट्टीवर हिरवट डाग आहे का, काल लाल असलेली जागा आज काळवंडली का. ताप, बरळणे, अकस्मात जेवण नको म्हणणे, यांचीही नोंद करतो. ड्रेसिंगआधी अर्धा तास दुखणे थांबवायचे औषध द्यायचे आणि पट्टी कोमट पाण्याने भिजवून सोडायची. घाईने ओढलेली पट्टी नवी कोवळी कातडीही घेऊन येते. आणि भेटीला येणाऱ्यांना आवरायचे. एकामागून एक वीस माणसे उशाशी येऊन 'अरेरे' म्हणतात, तेव्हा जंतूही येतात आणि रोग्याचे धैर्यही जाते. भेटायचेच असेल तर एकीने जावे, हात साबणाने धुऊन जावे.

ड्रेसिंगवरून आठवले. आपल्या राज्यातल्या डॉक्टरांनी या कामात स्वयंपाकघराची कशी मदत घेतली पाहा. मुंबईच्या वाडिया मुलांच्या रुग्णालयातील डॉ. केसवानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली कापडावर बसवून, निर्जंतुक करून भाजलेल्या जखमांवर वापरल्या. ते काम १९८५ साली प्रसिद्ध झाले. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांची ड्रेसिंगे केली. ती जखमेला चिकटत नाहीत, म्हणून बदलताना दुखत नाही. याविषयीचे त्यांचे लेख २००३ साली छापून आले. पंक्तीचे पान असे कामी येते. पण ही पाने आणि साली वाफेच्या यंत्रात निर्जंतुक केलेल्या असतात. मघाच्या माझ्या यादीत बटाट्याचा कीस होता तो होताच. कोणी घरी जाऊन पान गुंडाळू नये.

सर्वांत उत्तम ड्रेसिंग म्हणजे माणसाचीच कातडी. खोल जखमेवर रोग्याच्या मांडीची पातळ कातडी काढून लावतात. पण अर्धे अंग भाजले तर काढायची कोठून? अशा वेळी मृत व्यक्तीने दान केलेली त्वचा काही आठवडे पांघरुणासारखी उपयोगी पडते. सायनच्या रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली, आणि आपल्याजवळ नागपूरलाही ती आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत कळवावे लागते. रक्तगट जुळावा लागत नाही. मांड्या, पाय आणि पाठ यांवरचा पातळ पापुद्रा तेवढा काढतात व पट्टी बांधून देतात. देह विद्रूप होत नाही, रक्त वाहत नाही. नेत्रदानाचा अर्ज भरलेल्या काहीजणी येथे आहेतच; त्यांनी घरच्यांना एवढे आणखी सांगून ठेवायला हरकत नाही.

आहाराविषयी थोडक्यात सांगते, कारण येथे आपण बायकाच चुकीचे पथ्य लावतो. तूरडाळीने पू होतो, अंड्याने उष्णता वाढते, दुधाने जखम चिघळते, असे म्हणून रोग्याला पेजेवर ठेवतात. भाजलेले शरीर आतल्या आत भट्टीसारखे पेटलेले असते. त्याला नेहमीच्या जवळजवळ दुप्पट प्रथिने लागतात. अंडी, दूध, दही, डाळ, शेंगदाणे, फुटाणे, चालत असेल त्यांना मांस-मासळी, आणि थोडे थोडे सहा-सात वेळा. कोणी मायेने गोरसपाकाचा पुडा घेऊन आले तर तोही द्यावा, जेवण झाल्यावर.

आणि आता उशी. हसू नका, या उशीशी मी उभा जन्म भांडले आहे. मान भाजलेल्या रोग्याला उशी देऊ नये. उशीने मान पुढे झुकते, जखम त्याच स्थितीत भरते, आणि हनुवटी छातीला कायमची शिवते. चेहरा सुजला असेल तर आम्ही खाटेचे डोके उंच करतो, खांद्याखाली गुंडाळी देतो, उशी नाही. नर्सची पाठ वळली की आत्याबाई हळूच उशी सरकवतात, कारण रोगी 'बरं वाटतं' म्हणतो. भाजलेल्या माणसाला जी स्थिती सुखाची वाटते तीच बहुधा त्याला पांगळे करते. काख भाजली असेल तर हात अंगापासून दूर, पंखासारखा; कोपर आणि गुडघा सरळ; पाऊल फळीला टेकून उभे; बोटे पट्टीत अलग अलग. दुखते, रोगी रडतो, तरी रोज सांधे हलवायचेच. मी अशी बाई पाहिली आहे की जिचा जीव डॉक्टरांनी ओढून आणला आणि घरच्यांच्या मायेने जिचा हात काखेला कायमचा चिकटला. तिला पुढे चोळीही एकटीने घालता येईना.

जखमा भरल्यावर कातडी जाड, लाल, ताठ होऊ लागते. तिच्यावर दाब राहावा म्हणून घट्ट कपडे मापाने शिवून मिळतात. ते आंघोळीपुरते सोडून दिवसरात्र, वर्षभर किंवा अधिकही घालावे लागतात. वर्धेच्या मे महिन्यात ते अंगावर वागवणे काय आहे याची कल्पना करा. खाज इतकी सुटते की झोप येत नाही. भरलेल्या जागेवर खोबरेल तेल चोळावे, उन्हापासून जपावे. ही कामे घरातले कोणी तरी रोज अर्धा तास बसून करील तरच होतात.

त्या काळात बाई घराबाहेर पडत नाही. आरसा आम्ही वॉर्डात एकदा तरी आमच्यासमोरच दाखवतो. घरी एकटीने प्रथम पाहण्यापेक्षा ते बरे. पण दुसरा आरसा तुमच्या डोळ्यांत असतो. मुले ओरडून पळतात, बाया पदर तोंडाला लावतात, कुंकू लावताना बोट कपाळापर्यंत नेऊन मागे घेतात. मला अशा वेळी सेवाग्रामच्या परचुरे कुटीची आठवण होते. परचुरेशास्त्री महारोगाने जर्जर होऊन १९३९ च्या सुमारास आश्रमात आले, तेव्हा गांधीजींनी त्यांची राहण्याची सोय जवळच केली, आणि त्यांच्या जखमा स्वतः पाहिल्या, अंगाला मालीश केले. आपण पाहुण्यांना घेऊन ती कुटी दाखवायला जातो. भाजण्याचे व्रण तर कोणाला लागतही नाहीत. आपल्या आळीत दोन भगिनी अशा आहेत, त्या आज येथे आलेल्या नाहीत आणि का आलेल्या नाहीत हे आपणांस ठाऊक आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांच्याकडे निमंत्रणाची अक्षत नुसती पाठवू नये, कोणी तरी जाऊन त्यांना हात धरून आणावे, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे.

माझे बोलणे येथे थांबवते. बाजूच्या खोलीत मी एक खाट, दोन चादरी, पाण्याची बादली आणि मगा मांडून ठेवला आहे. वर्गातल्या दोन मुली रोगी व्हायला तयार झाल्या आहेत. तळहाताने भाजलेले कसे मोजायचे, चादर कशी गुंडाळायची आणि उशी न देता निजवायचे कसे, हे हातांनी करून पाहू. खोली लहान आहे, तेव्हा सहा-सहाजणी या. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी प्रथम यावे.